पारा सावलीत, माणूस उन्हात

एप्रिल लागला की सरकारी कार्यालयातून एक पत्रक निघतं. 'दुपारी 12 ते 3 या वेळेत घराबाहेर पडणे टाळावे. सैल, पातळ, फिकट रंगाचे सुती कपडे वापरावेत. तहान नसली तरी पाणी प्यावे. चहा, कॉफी व मद्य वर्ज्य करावे.' पत्रक जिल्ह्याहून तालुक्याला जातं, तालुक्याहून गावात येतं आणि शेवटी खळीची बादली सायकलला अडकवलेल्या एका शिपायाच्या हाती पडतं. साहेबांची सही व्हायला अकरा वाजतात, त्यामुळे पत्रक भिंतीला लागायची वेळ अचूक साडेबारा येते. 'बाहेर पडणे टाळावे' ही ओळ सरळ चिकटली की नाही हे बघायला तो दोन पावलं मागे सरतो आणि रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात उभा राहून ती पूर्ण वाचतो. सूचनेचं इतकं मन लावून वाचन गावात दुसरं कोणी करत नाही.

पत्रकात खोट काढण्यासारखं काही नसतं. डॉक्टरांनी विचार करून लिहिलेलं असतं ते. अडचण एवढीच, की ज्याला घरी थांबायची सोय आहे त्याच्यासाठी ते लिहिलेलं आहे. गवंडी, बिगारी, लाइनमन, पोस्टमन, वीटभट्टीवरची जोडपी, भाजीची पाटी घेऊन फिरणारी मावशी, चौकातला हवालदार, आणि दुपारी दोनला कोणाला तरी आइस्क्रीम हवं झालं म्हणून पाठीवर चौकोनी पेटी लावून सुटलेला पोरगा, यांच्या पोटापाण्याचा पत्ताच मुळी 'घराबाहेर' असा आहे. विदर्भात मार्च ते जून उन्हाचा मुक्काम पक्का असतो. तिथे कोणी 'आज गरम होतंय' असं म्हणत नाही. "काय तपून रायलं न बाप्पा!" असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात तक्रार किती आणि अभिमान किती हे बाहेरच्याला शेवटपर्यंत कळत नाही.

अभिमान असतोच. नागपूर, अकोला, चंद्रपूर, वर्धा, ब्रह्मपुरी ही गावं मे महिन्यात रोज संध्याकाळी एकमेकांचा पारा विचारतात. चंद्रपूरचा माणूस 'आमचं 46' हे अशा सुरात सांगतो, जणू घरातला मुलगा बोर्डात पहिला आला आहे. त्या दिवशी अकोल्याचं अर्ध्या अंशानं जास्त निघालं तर त्याचा चेहरा पडतो. 'आपल्या इकडे आता पहिल्यासारखा उन्हाळा राहिला नाही' असं तो गंभीरपणे बोलतो आणि घामानं चिकटलेला सदरा पाठीवरून सोडवून घेतो.

पण ज्या आकड्यावरून ही चुरस चालते तो आकडा मुळात उन्हातला नसतोच. हवामान खात्याचा तापमापक एका पांढऱ्या पेटीत राहतो. पेटीच्या भिंती झडपांच्या, वारा खेळता राहील अशा. छप्पर दुहेरी. जमिनीपासून साधारण चार फूट उंच. दार उत्तरेकडे, म्हणजे वाचायला उघडलं तरी ऊन आत शिरू नये. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणारा थॉमस स्टीव्हन्सन नावाचा इंजिनियर होता, ही पेटी त्यानं योजली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा. हवेचं तापमान मोजायचं तर उन्हाचा चटका वगळायलाच हवा, तेव्हा शास्त्राच्या दृष्टीनं सगळं चोख आहे. फक्त पत्र्याच्या शेडवर बसून वेल्डिंग करणाऱ्याला हे समजावून सांगताना जरा अवघड जातं. वर्तमानपत्रात छापलेले 46 अंश हे सावलीत बसलेल्या, पांढरा रंग लावून घेतलेल्या, चारी बाजूंनी वारा खाणाऱ्या पाऱ्याचं मत आहे. पाऱ्याची नोकरी सरकारी आहे. पत्र्यावरचा माणूस रोजंदारीवर आहे.

एकदा मात्र यंत्रानं वेल्डरची बाजू घेतली. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंशांची नोंद केली आणि सोनेगावच्या केंद्रानं 54. पृथ्वीवरचा अधिकृत विक्रम 1913 साली कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत नोंदलेल्या 56.7 अंशांचा. म्हणजे नागपूरचं जगज्जेतेपद अवघ्या 0.7 अंशानं हुकलं! शहरातल्या बाकी केंद्रांवर पारा 44-45 च्या आसपास होता, तेव्हा हवामान खात्यानं लगोलग खुलासा केला की संवेदक बिघडले होते. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानंही 52.9 दाखवून खळबळ उडवली होती. तपासणीत ते यंत्र तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. नागपूरकरांना खुलासा पटला, पण आवडला नाही. चहाच्या टपरीवर निघालेला निष्कर्ष असा होता की यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याला ऊन लागलं होतं.

आता मुंबईकरांविषयी. नागपूरचा माणूस मुंबईला गेला आणि तिथे 34 अंशांना लोकांना 'मरतोय रे' म्हणताना ऐकलं, की त्याला मनातून हसू येतं. 34 हे आकडे त्याच्याकडे पहाटे असतात. पण इथे एक पंचाईत आहे, आणि नागपूरकरांनी हा परिच्छेद बसून वाचावा. माणसाचं शरीर थंड होतं ते घाम सुकल्यानं. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता अंगातून काढून नेतो. कष्टाचं काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. मात्र हा हिशोब सुकलेल्या घामाचा. जो घाम नुसताच नाकावरून टपकला त्यानं काहीच काम केलं नाही, फक्त हजेरी लावली. हवा कोरडी असली की घाम चटकन सुकतो. दमट असली की हवेत आधीच पाण्याची गर्दी, घामाला आत कोणी घेत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर जो आकडा येतो तो या सुकण्याची मर्यादा सांगतो. नागपूरच्या 45 अंशांत, हवेत 15 टक्के आर्द्रता असताना, हा ओला पारा 24 च्या आसपास उतरतो. मुंबईच्या 34 अंशांत 70 टक्के आर्द्रता असेल तर तो 29 वर अडतो. म्हणजे माठ नागपुरात पाणी गार करतो आणि मुंबईत नुसता पाझरतो. माणसाच्या कातडीचंही तेच. सावलीत, पुरेसं पाणी पिऊन बसलेल्या माणसाला मुंबईचा उकाडा नागपूरच्या फुफाट्यापेक्षा जड जाऊ शकतो, असं भौतिकशास्त्र म्हणतं. नागपुरात भौतिकशास्त्राला कोणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सरकारनंही हा भेद मान्य केला आहे. उष्णतेची लाट जाहीर करायला मैदानी भागात किमान 40 अंश लागतात, किनारपट्टीला 37 पुरतात. शिवाय तापमान नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर असावं लागतं. मेअखेरीला ज्यांचं 'नेहमीचं'च 43 च्या घरात आहे त्यांनी साडेचार अंश आणखी आणायचे कुठून? म्हणून 45 झाले की मागचं-पुढचं न बघता लाट म्हणावी अशी तरतूद ठेवली आहे. विदर्भाला मिळालेली ही दुर्मिळ सवलत आहे आणि तिचा अनुशेष अजिबात नाही.

कोरड्या उन्हाशी झुंजायचं पहिलं हत्यार म्हणजे दुपट्टा. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला प्रश्न पडतो, आधीच उकडतंय, त्यात डोकं, कान, तोंड फडक्यानं गुंडाळून हे लोक स्कूटरवर कसे फिरतात? तर हवा 45 आणि कातडी 35 च्या आसपास असते तेव्हा वारा माणसाला गार करत नाही, भाजतो. जितक्या जोरात गाडी, तितकं जोरात भाजणं. दुपट्टा ऊब आत ठेवायला नसतो, बाहेरची ऊब बाहेर ठेवायला असतो. ओला करून बांधला तर वर थोडी मिळकतही. याच विषयावर 1980 साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक गमतीदार शोधनिबंध आला होता: बेदुइन लोक वाळवंटात काळे झगे का घालतात? मोजमाप करून उत्तर निघालं, की झगा सैल असेल तर पांढरा काय आणि काळा काय, अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच. काळं कापड जास्त तापतं, पण ती तलखी कापडातच राहते आणि आतून वारा फिरत राहतो. हा निबंध वकील मंडळींच्या नजरेला पडू नये. त्यांचा काळा कोट सैल नसतो, आणि उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत तो न घालण्याची जी मुभा आहे ती जाण्याची भीती.

दुसरं हत्यार, खिशातला कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कांद्यानं उष्णता खेचून घेतल्याचं वैद्यकशास्त्राला मात्र आढळलेलं नाही. तो उन्हानं सुरकुततो, बास. तरीही कांदेवाल्यांना ऊन कमी लागतं, हे निरीक्षण अगदीच टाकाऊ नसावं. ज्याच्या खिशात कांदा आहे त्याच्या फडक्यात बहुधा भाकर आहे. ज्याच्याकडे भाकर आहे तो दुपारी कडुनिंबाखाली बसणार. बसला की कांदा बुक्कीनं फोडणार, भाकर खाणार, वर तांब्याभर पाणी पिणार आणि त्याच फडक्याची उशी करून अर्धा तास लवंडणार. ऊन टळलं ते या अर्ध्या तासानं. श्रेय खिशाला गेलं. ज्या मुकादमाला मजुरांनी झोपलेलं खपत नाही त्याला 'कांदा खातो' हे कारण चालतं, हाही कांद्याचा एक औषधी गुण म्हणावा लागेल.

चहाची गोष्ट उलटी आहे. पत्रकात चहा वर्ज्य आणि कामावर चहा अनिवार्य. अकराला चहा मिळाला नाही तर स्लॅबवरचं घमेलं हलत नाही. शिकलेले लोक हळहळतात, या लोकांना कळत कसं नाही म्हणून. पण कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात 2012 साली काही तरुणांना सायकल चालवायला लावून वेगवेगळ्या तापमानाचं पाणी पाजलं गेलं, तेव्हा असं दिसलं की गरम पाणी प्यायलेल्यांना जास्तीचा घाम सुटला आणि तो पूर्ण सुकू शकला, तर अंगात साठलेली उष्णता थंड पाणी प्यायलेल्यांपेक्षा कमी भरली. अट एकच: हवा कोरडी हवी, कपडे कमी हवेत, घाम सुकायला हवा. म्हणजे नागपूरच्या टपरीवरच्या कटिंगला विज्ञानाचा आधार आहे आणि दादरच्या कटिंगला नाही. टपरीवाल्यानं हे अजून पाटीवर लिहिलेलं नाही.

बाकी पेयांची यादी प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ. कैरीचं पन्हं, ताक, ज्वारीची आंबील, बेलाचं सरबत, कोकणात कोकम. त्या सगळ्यांत एक धागा सारखा आहे: पाणी, मीठ, आणि बहुतेकांत थोडी साखर किंवा गूळ. आपल्या आज्यांनी चवीनं जमवलेलं हे सूत्र वैद्यकशास्त्रानं ग्रॅममध्ये बसवलं. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावला मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून तोंडावाटे पाजून हजारो जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या 'ओआरएस'च्या सूत्रात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधल्या काळात याच नावाची रंगीत, गोडमिट्ट पेयं खोक्यांत भरून औषधाच्या दुकानात येऊन बसली होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बजावलं, की सूत्र पाळत नसाल तर खोक्यावर 'ओआरएस' लिहू नका. इतकी वर्षं लोक आजारी माणसाला आणि उन्हातून आलेल्याला सरबत पाजत होते आणि किंमत औषधाची देत होते.

उन्हाचे खरे नियम बघायचे असतील तर माणसांकडे न बघता सामानाकडे बघावं.

रेल्वेचे रूळ घ्या. पूर्वी दर थोड्या अंतरावर रुळाला सांधा असायचा, आता किलोमीटरच्या किलोमीटर रूळ जोडून एकसंध केलेले असतात. पोलाद 40 अंशांनी तापलं तर किलोमीटरला जवळपास 46 सेंटिमीटर वाढू बघतं. वाढायला जागा नाही, तेव्हा रूळ आतल्या आत दाबला जातो, आणि दाब फार झाला की बाजूला वाकतो. म्हणून रुळाचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की रेल्वेचा नियम सांगतो: उष्ण हवामान गस्त सुरू करा. गस्त म्हणजे हातात झेंडे घेऊन, दोन रुळांच्या मधून, खडीवरून चालणारा ट्रॅकमन. रूळ सर्वांत जास्त तापतो दुपारी, त्यामुळे गस्तही दुपारीच. लोखंडाला ऊन लागलं का, हे बघायला माणसाला उन्हात पाठवण्याची ही व्यवस्था निर्दोष चालते. रुळाला सोसवेनासं झालं तर गाडीचा वेग कमी करतात. ट्रॅकमनला सोसवेनासं झालं तर त्याचा वेग आपोआपच कमी होतो, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

काँक्रीटचे लाड तर विचारू नका. ओतताना त्याचं तापमान 40 अंशांच्या वर जाता कामा नये, असं भारतीय मानक आहे. खडीवर सावली धरा, तिच्यावर पाणी शिंपडा, पाणी गार वापरा, गरज पडली तर बर्फ घाला. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर ओलं बारदान पांघरतात, वाफे करून पाणी साठवतात आणि ही शुश्रूषा आठवडाभर तरी चालते. ते पाणी बादलीनं वर नेणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ असते, तीही कोरडी. साइटवर एखाद्याला अंग शेकून निघाल्यासारखं वाटलं तर त्यानं सरळ ताज्या स्लॅबशेजारी जाऊन पडावं. इंजिनियर तिथे दिवसातून दोनदा येऊन 'पाणी कमी पडत नाही ना?' असं विचारून जातो.

नागपूरच्या महाराजबागेत वाघांच्या पिंजऱ्याला दर उन्हाळ्यात कुलर लागतात, वर हिरव्या जाळ्या येतात. चांगलीच गोष्ट आहे. वाघानं काही अर्ज केलेला नसतो. शहरातल्या काही सिग्नलांवरही अलीकडे तशाच हिरव्या जाळ्या ताणल्या आहेत आणि दुपारच्या काही तासांत बरेच सिग्नल बंदच ठेवतात, वाहनचालकांना उन्हात तिष्ठायला लागू नये म्हणून. सिग्नल सावलीला गेला की वाहतूक कोण सांभाळणार, याचं उत्तर चौकात शिट्टी घेऊन उभं असतं. अहमदाबादच्या वाहतूक पोलिसांसाठी 2023 साली बॅटरीवर चालणारी वातानुकूलित हेल्मेटं आणून पाहिली. डोकं गार, खाली बूट डांबरात रुतलेले.

डांबराचा विषय निघालाच आहे तर उन्हाळ्यातली सर्वांत अजब जागा सांगायला हवी. रस्त्यांची कामं पावसाळ्यापूर्वी संपवायची असतात, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये ऐन भरात येतात. हॉटमिक्स डंपरमधून पडतं तेव्हा दीडशे अंशांच्या आसपास असतं. वरून 45, खालून 150, मध्ये गमबूट घातलेला, फावड्यानं कडा सारखी करणारा माणूस. त्याला 'आज पारा किती?' असं विचारणं हा निव्वळ पोरकटपणा आहे.

तरीही या सगळ्यांत एक उपाय कांदा, कुलर, हेल्मेट या सगळ्यांहून जुना आणि खात्रीचा आहे, आणि तो गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात मे महिन्यात बघायला मिळतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं झुंजुमुंजू व्हायच्या आत जंगलात असतात. पानं तोडून दहा-अकरापर्यंत ओझं घरी. मग दुपारभर ओसरीत, सावलीत, अख्खं घर मांडी घालून पुडे बांधतं. एका पुड्यात 70 पानं. उन्हं कलली की पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. जंगलात पहाटे वाघाची भीती असते आणि दरवर्षी कोणी ना कोणी बळी जातं, हे लक्षात घेतलं तर या माणसांना उन्हाची भीती केवढी वाटत असेल याचा अंदाज यावा. मोहफुलांचंही तेच, फूल पहाटे गळतं आणि वेचणारी बाई त्याच्याशी वेळ जुळवून घेते. शेतकरीही वखर पहाटे जुंपतो, दहाला बैल सोडतो. बैलाला ऊन लागतं हे सगळ्यांना पटतं, त्यामुळे बैलामागून चालणाऱ्यालाही सुट्टी मिळते. ट्रॅक्टर आला आणि ही सोय गेली.

ही पहाटेची शिस्त सरकारला समजली नाही असं नाही. समजली, पण फोटोत मावली नाही. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाइल ॲपवर घेणं 1 जानेवारी 2023 पासून जवळजवळ सगळ्या कामांना सक्तीचं झालं. दिवसातून दोन फोटो: एक सकाळी हजेरीचा, दुसरा काही तासांनी. सुरुवातीच्या नियमात दुसऱ्या फोटोची वेळ दुपारी दोनच्या पुढे होती. मजूर पहाटे पाचला येऊन, ठरलेली माती खणून, दहाला मोकळे. घरी गेले तर दुसऱ्या फोटोला पुन्हा यायचं, थांबले तर झाडाखाली बसून कॅमेऱ्याची वाट बघायची. ज्या कामावर सावली, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचार पेटी देणं कायद्यानं बंधनकारक होतं, तिथे नेटवर्क यावं म्हणून माणसं टेकाडावर, उन्हात उभी राहिली. नंतर वेळेत सैलपणा आला. पण दोन वाजता माती खणल्याचा पुरावा म्हणून हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या असलेल्या, खणणं कधीच संपवलेल्या त्या माणसांचे फोटो कुठल्यातरी सर्व्हरवर असणार. सर्व्हरच्या खोलीत वातानुकूलन असतं.

थट्टा बाजूला ठेवून सांगण्यासारखी गोष्ट नव्या गड्याची. उन्हाची सवय लागते ही थाप नव्हे, शरीरात खरंच बदल होतात: घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. उघड्यावर काम करताना उष्म्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या काही दिवसांतच घडतात, असं अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. म्हणून तिथला सल्ला असा की नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक पंचमांशच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. आपल्याकडे पद्धत नेमकी उलटी. 'नवा आहे, दाखव तुझी ताकद' म्हणून पहिल्याच दिवशी सिमेंटची पोती त्याच्या पाठीवर. आणि तो दुपारी असंबद्ध बडबडायला लागला, पाय लटपटायला लागले, की बाकीचे म्हणणार, सकाळीच लावून आला वाटतं. उष्माघाताची हीच खूण आहे. अशा वेळी त्याला सावलीत घ्यावं, अंगावर मिळेल ते पाणी ओतत वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. आधी पाणी ओतायचं, मग गाडीची वाट बघायची. शुद्धीत नसेल तर तोंडात मात्र काही घालायचं नाही.

आणि पारा 45 ला पोहोचायचीही गरज नसते. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर लाखोंचा समुदाय महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात बसला होता. पारा 38 च्या आसपास होता. त्या दिवसानं 14 जणांचा बळी घेतला.

उन्हात उभं राहणारा एक तापमापकही जगात आहे. 1950 च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिक कवायतीत पटापट कोसळायला लागले तेव्हा तो वापरात आला. त्यात ओल्या फडक्याचा पारा 70 टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्याच्या आतला पारा 20 टक्के आणि साधा पारा 10 टक्के धरून एकच आकडा काढतात. कतारमध्ये 2021 पासून हा आकडा 32.1 झाला की उघड्यावरचं काम बंद करावं लागतं, आणि 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3:30 तसंही बंद. रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरं आखातावर चालतात. तिकडून सुट्टीवर आलेला फोरमन गावच्या रस्त्याच्या कामावर दुपारी एकला माणसं बघतो तेव्हा घड्याळाकडे पाहतो. भारतात अमुक अंशांना उघड्यावरचं काम थांबलंच पाहिजे, असा देशभर लागू असलेला आकडा नाही. अहमदाबादनं 2010 च्या मे महिन्यात शेकडो माणसं गमावल्यावर 2013 साली उष्मा कृती आराखडा केला, मागोमाग नागपूरसह इतर शहरांनी केले. आराखड्यांत कामाच्या वेळा बदलण्याचं 'आवाहन' असतं. कंत्राटदाराला आवाहन ऐकू येतं, पण बिलात त्याला रकाना नाही.

मे सरत आला की 25 तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, मधेच सर पडली तर नवतपा गळला आणि खरीप अवघड, असा हिशोब. त्यामुळे या नऊ दिवसांत वावरात काडीकचरा वेचणाऱ्या माणसाशी उन्हाविषयी सहानुभूतीनं बोलायला जाण्यात अर्थ नसतो. डोक्याला शेला, पायात तापून मऊ झालेली चप्पल, आणि तो आभाळातल्या एका चुकार ढगाकडे संशयानं बघत असतो. कोणी म्हटलंच, "भाऊ, फारच तपून रायलं," तर तो नाराजीनं मान हलवतो.

"कुठचं! यंदा काही पायजे तसं तपूनच नाही रायलं."